पाचगणीच्या परड्यातलं 'दगडी' पेअर: जात कोणती असेल, आणि झाड वाचवता येईल का?

जाई_सातारा · २८ जुलै

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात पहिल्यांदाच लिहिते आहे. थोडी घाईची गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पाचगणीला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर माळी होते. पुढे बंगला विकला गेला. जाताना मालकांनी नोकरांच्या खोल्या आणि मागचं दोन गुंठ्यांचं परडं आजोबांच्या नावावर करून दिलं. आता तिथे मावशी आणि तिचा मुलगा राहतात. त्या परड्यात पेअरचं एक झाड आहे. आई पंचाहत्तरीची आहे आणि तिच्या लहानपणीही ते आजच्याएवढंच होतं असं ती सांगते. बुंधा माझ्या कवेत मावत नाही. एका अंगाने ढोली पडली आहे, तिच्यात साळुंक्या राहतात.

आजोबा त्याला 'सायबाचं पेअर' म्हणायचे. बाकी सगळे 'दगडी पेअर' म्हणतात, कारण फळाला दात लागत नाही. नेट लावून चावलंच तर तोंडात रवाळ, वाळू आल्यासारखं, आणि घशाला तुरट. मावशी पडलेली फळं पाटीत गोळा करून शेजारच्या म्हशींना घालते. मी पन्नाशीला आले, पण त्या झाडाचं एक फळ पूर्ण खाल्लेलं मला आठवत नाही.

यंदाच्या पावसात मोठी फांदी मोडून कौलांवर पडली. मावसभाऊ म्हणतो झाड काढू, तेवढ्यात स्ट्रॉबेरीचे दोन वाफे बसतील. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही, घर तो चालवतो. पण आजोबांनी जन्मभर त्या झाडाची छाटणी स्वतःच्या हाताने केली, दुसऱ्या कुणाला कात्री लावू दिली नाही. मला जात कळायला हवी आहे, आणि झाड जायच्या आत त्याचं दुसरं झाड व्हायला हवं आहे.

वाईचा_माळी · २८ जुलै

ताई, ही नाख आसनार. पंजाबात पत्थरनाख म्हंत्यात ती. नावातच दगुड हाय. उन्हाळी मुलखात येनारं पेअर त्येच. फळ गोल, हिरवं, अंगावर ठिपकं, आतनं रवाळ पन रसाळ. लांब पाठवलं तरी टिकतं. झाड मातूर काढू नगा.

वनस्पतीवेडा · २८ जुलै

माळीकाकांचा अंदाज पहिल्या फटक्यात येणारा आहे, पण मला एक गोष्ट खटकते. पत्थरनाख झाडावरच खाण्याजोगी होते. पंजाबात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती उतरवतात आणि लगेच खातात. कुरकुरीत असते, रसाने तोंड भरतं. जाईताई सांगतात तसं 'दात लागत नाही, तुरट लागतं' हे वर्णन तिच्याशी जुळत नाही.

पेअरची दोन मोठी घराणी आहेत. एक युरोपातलं: फळ बुडाशी रुंद, देठाकडे निमुळतं, पिकल्यावर लोण्यासारखं मऊ. दुसरं चीन-जपानकडचं, ज्याला सँड पेअर म्हणतात: फळ बहुधा सफरचंदासारखं गोल, पिकलं तरी कुरकुरीत. नाख याच दुसऱ्या घराण्यातली. बाजारात काश्मीरचा म्हणून मिळणारा बाबूगोशा मऊ होणाऱ्यांपैकी. ताई, पुढच्या वेळी पाचगणीला गेलात की एवढं बघून या: फळाचा आकार. देठाची लांबी. देठाच्या विरुद्ध टोकाला फुलाचा वाळलेला अवशेष टिकतो की गळून पडतो. सालीवरचे ठिपके. पानाच्या कडेचे दाते केसासारखे टोकदार आहेत की बोथट. आणि फळ आडवं-उभं कापून बिया कोणत्या रंगाच्या आहेत ते.

वाळूबद्दल आत्ताच सांगतो. पेअरच्या गरात काही पेशींच्या भिंती लाकडासारख्या जाड होतात. त्यांचे पुंजके म्हणजे ते कण, त्यांना दगडपेशी म्हणतात. गाभ्याभोवती आणि सालीखाली ते जास्त असतात. अक्रोडाचं कवच ज्या प्रकारच्या पेशींचं असतं, त्याच जातीच्या या. त्यामुळे रवाळपणा हा रोग नव्हे की खताची कमतरता नव्हे. तो पेअरचा स्वभाव आहे, फक्त कुठे कमी, कुठे जास्त.

वाईचा_माळी · २९ जुलै

सरांचं बराबर हाय, पानं बगून सांगू. पन ताई, जाताय तर अजून एक काम करा. बुंध्याला जमिनीपासनं टीचभर, दीड टीच वर कुटं कंगोरा नायतर गाठ हाय का त्ये हात फिरवून बगा. कलमाची जागा शंभर वर्सांनीबी लपत न्हाय. वरची साल येगळी, खालची येगळी दिसती. गाठ आसंल तर झाड कुनीतरी नावानिशी इकत आनलेलं हाय. नसंल तर बी पडून उगवलंय, मग त्येला जातच न्हाय, त्ये एकटंच आपल्यासारकं.

शब्दवेल्हाळ · २९ जुलै

विषय बागेचा आहे, पण राहवत नाही म्हणून. आपल्या 'पेरू' शब्दात हेच पेअर दडलेलं आहे. पोर्तुगीजांच्या भाषेत पेअरला 'पेरा' म्हणतात. अमेरिकेतून आलेलं गवा नावाचं फळ त्यांना साधारण तसंच दिसलं, म्हणून त्यांनी त्यालाही तेच म्हटलं. गोव्यात ते 'पेर' झालं आणि आपल्याकडे 'पेरू'. खरं पेअर आपल्याकडे पोचलं तेव्हा त्याचं नाव आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं, म्हणून ते इंग्रजी नावाने राहिलं. आजोबांनी 'सायबाचं' हे विशेषण लावलं ते मला फार नेमकं वाटतं.

जाई_सातारा · ४ ऑगस्ट

काल जाऊन आले. पसरणी घाटात धुकं इतकं होतं की दत्त मंदिरापाशी थोडं थांबावं लागलं. परड्यात पाऊस अंगावर घेत तासभर उभी होते, मावशीने छत्री धरली होती.

फळ गोल नाही. नेहमीच्या पेअरसारखं एका बाजूला मान काढलेलंही नाही. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं, मृदंगासारखं. मोठं आहे, माझ्या मुठीपेक्षा मोठं. देठ बोटाच्या दोन पेरांएवढा, जाड. साल जाडसर, हिरवी, पिवळेपणाकडे झुकलेली. ज्या फळांना ऊन लागतं त्यांच्या एका गालावर मळकट लाली. ठिपके भरपूर, तांबूस. टोकाचा वाळका अवशेष दहापैकी सात फळांवर होता, तीनांवर नव्हता. बिया अजून पांढऱ्या, कडेला तपकिरी होऊ लागलेल्या. पानांच्या कडेला बारीक टोकदार दाते आहेत, पण केसासारखे लांब नाहीत.

आणि काका, गाठ आहे! गुडघ्याच्या खाली बुंध्याला सगळीकडून कडं आल्यासारखा कंगोरा आहे. शेवाळ खरवडून बघितलं. खालची साल बारीक चौकोनी भेगांची, वरची उभ्या पट्ट्यांची. गाठीच्या खालून चार-पाच फुटवे आलेत, त्यांना काटे आहेत आणि पानं बारकी आहेत. मावसभावाने त्यातलाच एक फुटवा मुळासकट काढून कुंडीत लावला आहे. 'तुझ्यासाठी झाडाचं पिल्लू केलंय' म्हणाला. मला इतकं बरं वाटलं.

वाईचा_माळी · ४ ऑगस्ट

ताई, भावाचं मन मोटं हाय, पन त्ये पिल्लू तुमच्या झाडाचं न्हवं. गाटीच्या खालचा समदा खुंट. काटं आलेत म्हंजी जंगली पेअरचा, उत्तरेकडं कैंथ म्हंत्यात, त्येचा आसंल. त्येला वाडवलं तर सुपारीयेवडी फळं यायची. पन फेकून देऊ नगा. तुमच्या आजोबांच्या झाडाला ज्यानं इतकी वर्सं पाजलं, त्योच खुंट आयता हाती आलाय. थंडीत त्येच्यावरच कलम बांदू.

वनस्पतीवेडा · ५ ऑगस्ट

ताई, तुमच्या निरीक्षणाने माझं काम सोपं केलं. मला हे किफर वाटतं. किफर नसेल तर त्याच घरातलं ले-कॉन्ट, पण दोन्ही टोकांची निमुळती ठेवण आणि गालावरची लाली बघता माझा कौल किफरला.

कारण सांगतो. टोकाचा अवशेष काही फळांवर टिकतो, काहींवर गळतो. युरोपच्या घराण्यात तो टिकतो, सँड पेअरमध्ये बहुतेक गळतो. तुमच्याकडे दोन्ही दिसतं, म्हणजे दोन्ही रक्तं एकत्र आहेत. किफर तशीच संकरित आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ रॉक्सबरो इथे पीटर किफर नावाचे रोपवाटिकावाले होते. त्यांनी लावलेल्या चिनी सँड पेअरच्या बियांतून हे झाड निघालं. पराग शेजारच्या बार्टलेट या युरोपी जातीच्या पेअरचा असावा असं मानतात. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात हे फळ मांडलं गेलं आणि किफर नाव रूढ झालं. झाड काटक, कमी थंडीतही धरणारं, म्हणून अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात ते झपाट्याने पसरलं. आपल्याकडेही उत्तरेच्या कमी उंचीच्या डोंगरांत आणि निलगिरीकडे किफर लावतात. पाचगणीसारख्या सुमारे १३०० मीटर उंचीच्या जागी टिकेल असं पेअर निवडायचं तर जाणत्या माणसाने हेच निवडलं असतं.

ज्या बार्टलेटचा मी उल्लेख केला तिची हकीकत तुम्हाला आवडेल. अठराव्या शतकात इंग्लंडच्या बर्कशायरमध्ये एका शाळामास्तरच्या परड्यात ती जात उगवली. विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने विकली म्हणून तिकडे ती 'विल्यम्स'. काही झाडं अमेरिकेला गेली आणि नाव वाटेत हरवलं. ज्या जमिनीत ती होती ती इनॉक बार्टलेट यांनी घेतली, त्यांना झाडांचं नाव माहीत नव्हतं, म्हणून ती त्यांच्याच नावाने विकली गेली. १८२८ च्या सुमारास इंग्लंडहून विल्यम्सची नवी झाडं आली तेव्हा लोकांना कळलं की दोन्ही एकच. नाव हरवलं तरी जात हरवली नव्हती, कारण प्रत्येक झाड कलमाने केलेलं होतं.

गडभ्रमंती · ५ ऑगस्ट

एक शक्यता मांडतो. महाबळेश्वरात १८३४ पासून तीसेक वर्षं चिनी कैद्यांचा तुरुंग होता. मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले हे कैदी. त्यांनी तिथे बटाटे, मुळे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. चिनी पेअर त्यांच्याकडून तर आलं नसेल?

वनस्पतीवेडा · ५ ऑगस्ट

कल्पना सुंदर आहे, पण सालं जुळत नाहीत. तो तुरुंग १८६४ च्या आसपास बंद झाला आणि किफर नाव १८७६ चं. शिवाय जाईताईंच्या झाडाला कलमाची गाठ आहे, म्हणजे ते रोपवाटिकेतून आलेलं. पाचगणी वसवायला १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी हात घातला, सिल्व्हर ओक वगैरे झाडं तिथे लावली. पुढे बंगल्यांमागे बंगले उठले आणि त्यांच्या बागांसाठी कलमं बाहेरून येत राहिली. हे झाड त्या नंतरच्या काळातलं.

जाई_सातारा · ६ ऑगस्ट

सर, काय बोलू कळत नाही. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती 'किफर, किफर' असं दोनदा म्हणाली आणि मग म्हणाली, 'बाबा कीपर म्हणायचे. आम्हाला वाटायचं बंगल्यावरच्या कीपरनं लावलंय म्हणून.'

वनस्पतीवेडा · ६ ऑगस्ट

ताई, आता माझ्याकडून जातीबद्दल काही बाकी नाही.

आता खाण्याचं. किफरचा झाडाखाली उभं राहून न्याय करायचा नसतो. बहुतेक फळं झाडावर पिकतात असं आपण धरून चालतो, पण युरोपकडचं पेअर आतून बाहेर पिकतं. झाडावर राहू दिलं तर बाहेरून कडक दिसतं तोवर गाभा पिठूळ होऊन तपकिरी पडतो. म्हणून ते पूर्ण वाढलं की कडक असतानाच उतरवतात आणि घरात पिकवतात. किफरमध्ये हा स्वभाव अर्धा उतरला आहे: गर लोण्यासारखा कधीच होणार नाही, पण आढीत दोन-तीन आठवडे दिलेत तर तुरटपणा जातो, रस सुटतो, वास येतो. उतरवायची वेळ अशी ओळखा: फळ तळहातात घेऊन आडवं होईपर्यंत हलकेच उचला. देठ फांदीच्या सांध्यापाशी आपसूक सुटला तर फळ तयार. ओढावं लागलं तर आठवड्याने परत या. बिया तपकिरी झालेल्या असाव्यात. आणि ओढून काढू नका, कारण फळं येतात त्या आखूड, जाड खुंट्या दोन-तीन वर्षांच्या फांदीवर तयार होतात आणि पुढची कित्येक वर्षं त्याच फुलतात. खुंटी मोडली की पुढच्या सालचं फूल गेलं.

सुगरण_मिरज · ७ ऑगस्ट

आढीत घालणार नाही अशी थोडी फळं मला हवी होती! जाई, कडक पेअरचा मुरांबा कर. माझ्या सासूबाई उटीहून आलेल्या पेअरचा करायच्या. साल जाड काढायची, सालीखाली रवा असतो. दोन भाग करून गाभा चमच्याने कोरून काढायचा, आणि कंजूषपणा न करता बोटभर जास्तच काढायचा. फोडी लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. आधी नुसत्या पाण्यात वाफवून घ्यायच्या, साखरेत एकदम टाकल्या तर फोडी चिवट होतात. मग साखर, चार लवंगा, लिंबाचा रस आणि मंद आच. तासाभराने पांढऱ्या फोडी हळूहळू गुलाबी होतात. रंग घातलेला नसतो, तो त्या तुरटपणाचाच असतो. जो तुरटपणा कच्चं खाताना घशाला लागतो तोच लिंबाच्या आंबटात मंद शिजला की गुलाबी रंग देतो. जेवढं फळ तुरट, तेवढा मुरांबा देखणा.

सातेरी · ९ ऑगस्ट

मी मांघर भागात मधपेट्या ठेवतो. जाईताई, झाडाला फळं किती लागतात? जवळपास दुसरं पेअर आहे का?

जाई_सातारा · ९ ऑगस्ट

फार नाहीत. यंदा साठ-सत्तर असतील. मावशी म्हणते पूर्वी पाट्याच्या पाट्या निघायच्या. दुसरं झाड शेजारच्या बंगल्यात होतं, ते पंधरा-वीस वर्षांपूर्वी पार्किंगसाठी तोडलं.

सातेरी · ९ ऑगस्ट

तेच कारण. पेअरला बहुधा स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. किफर थोडंफार एकट्याने धरतं, म्हणून तुमचं झाड अगदी वांझ राहिलं नाही. दुसरी अडचण मधमाशांची. पेअरच्या फुलातला मध पातळ असतो, साखर कमी, म्हणून आसपास दुसरं काही फुललेलं असलं की सातेरी माशी पेअरकडे वळत नाही. फुलोऱ्याच्या ऐन आठवड्यात पेटी झाडाजवळ आणून ठेवायची, आठ दिवस आधी नाही. आधी ठेवली तर माशी दुसऱ्या फुलांची वाट धरते आणि मग ती वाट सोडत नाही. फेब्रुवारीत कळ्या फुगल्या की मला कळवा, मी पेटी घेऊन येईन.

द्राक्षबाग_तासगाव · १० ऑगस्ट

जाईताई, आमच्याकडे तासगावात थंडीचा फुटीशी रोजचा संबंध येतो, म्हणून लिहितोय. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आम्ही हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करतो. थंडी कमी पडणाऱ्या भागात सफरचंद-पेअरलाही ते वापरतात. तुमच्या झाडाला फूल एकदम येतं की महिनाभर थोडं थोडं?

जाई_सातारा · १० ऑगस्ट

थोडं थोडं, दादा. एका फांदीवर बोराएवढी फळं असतात तेव्हा दुसरीवर कळ्या असतात.

द्राक्षबाग_तासगाव · १० ऑगस्ट

म्हणजे थंडी कमी पडून झाडाची हिवाळी झोप पुरी होत नाही. थंडीचे तास मोजताना जुनी पद्धत ७.२ अंशांच्या खालचा प्रत्येक तास धरते. त्या मोजणीने पाचगणीच्या वाट्याला फार थोडं येईल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, पण ते पहाटेचे काही तास आणि तेवढीच जागा. नंतरच्या पद्धतीत साडेबारा अंशांपर्यंतचा गारवाही अर्धा धरतात, तसं मोजलं तर पाचगणीच्या लांब गार रात्री बऱ्याच कामाला येतात. म्हणून झाड जगलं आणि फळलंही.

पण औषध मारा असं मी सांगणार नाही. ते जहाल आहे, प्रमाण चुकलं तर डोळे जळतात, आणि मारणाऱ्याच्या अंगालाही बाधतं. ढोली पडलेल्या म्हाताऱ्या झाडावर तर नकोच. त्यापेक्षा नोव्हेंबरअखेर पाणी तोडा, डिसेंबरात उरलेली पानं हाताने उतरवून घ्या. झाडाला निजायला सांगायचा तो साधा मार्ग आहे.

जाई_सातारा · १० ऑगस्ट

आजोबा दत्तजयंतीच्या सुमारास शिडी लावून त्या झाडाची पानं ओरबाडायचे. आम्हाला वाटायचं पानं बंबात घालायला काढतात.

जाई_सातारा · २४ ऑगस्ट

फळं उतरवली. आडवं करून बघायची खूण अगदी खरी ठरली. दहा फळं हात लावताच सुटली, काही हटून बसली, ती ठेवली. सहा दिवसांनी मावसभावाने उरलेली काढली. तो आता रोज मला फोन करून झाडाचं सांगतो.

एकूण ६३ फळं. डाग नसलेली चोवीस आढीत घातली. मावशीच्या माजघरात कोनाड्याखाली गार जागा आहे, तिथे पत्र्याच्या पेटीत भाताचा पेंढा, त्यात फळं एकमेकांना लागू न देता, वर पोतं. वीस फळं सुगरणताईंच्या पद्धतीने मुरांब्याला. मुरांबा खरंच गुलाबी झाला! मावशी पातेल्यावर वाकून बघत बसली होती. बिया सगळ्या धुवून ठेवल्या आहेत, त्यांचं काय करू?

वाईचा_माळी · २४ ऑगस्ट

बिया वाळू देऊ नगा. वल्या वाळूत मिसळून डब्यात घाला आन् फ्रिजमदी खालच्या कप्प्यात दोन-अडीच म्हयनं ठिवा, वाळू सुकू देऊ नगा. थंडी खाल्ल्याबिगार पेअरचं बी उगवत न्हाय. मग पिशव्यांत लावा. ती रोपं किफर न्हवंत, पन खुंट म्हनून झकास. फुडल्या हिवाळ्याला पेन्सिलीयेवडी झाली की कलमं बांदा.

जाई_सातारा · ११ सप्टेंबर

मंडळी, आज गौरी जेवल्या आणि आम्ही पेटी उघडली.

दहाव्या दिवशी एक फळ काढून बघितलं होतं, तेव्हा कडकच होतं, मी थोडी खट्टू झाले होते. चौदाव्या दिवशी सगळी पिवळी पडली. आज अठरावा दिवस. पोतं काढलं तर माजघरभर वास. केवड्याचा नाही, आंब्याचा नाही, मला पटकन दुसऱ्या कशाचं नाव देता येईना. देठाजवळ अंगठ्याने दाबलं तर किंचित आत जातं, बाकी फळ घट्ट. कापलं, गर पिवळसर पांढरा. गाभ्याभोवती रवा आहे, तो काढून टाकला. उरलेली फोड तोंडात टाकली की आधी कर्रकन आवाज, मग रस, मग हलकासा आंबटपणा आणि शेवटी कस्तुरीसारखं काहीतरी घशात राहतं. तुरटपणा औषधालाही नाही.

मावशीने फोड खाल्ली आणि गप्प बसली. मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. ती लहान असताना आजोबा भाद्रपदात ही फळं उतरवून बंगल्याच्या कोठीत गवतात रचायचे, वर घोंगडी घालायचे आणि कोठीला कुलूप लावायचे. तीन आठवड्यांनी पेटारा मुंबईला जायचा. घरच्या पोरांच्या वाट्याला झाडाखाली पडलेली यायची. मालक गेले, पेटारा थांबला, आणि कोठीतलं काम आजोबांनी कुणाला शिकवलंच नाही. ते फळ पिकलेलं कसं लागतं हे तिने वयाच्या ६८ व्या वर्षी आज पहिल्यांदा बघितलं.

एक फळ गौरीपुढे ठेवलं आहे. एक आजोबांच्या फोटोपाशी.

सुगरण_मिरज · ११ सप्टेंबर

डोळे भरून आले गं जाई. मावशींना माझा नमस्कार सांग.

वनस्पतीवेडा · १२ सप्टेंबर

फळाच्या वर्णनाबद्दल मनापासून आभार. फळशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत किफरला बहुधा 'ताजं खायला सुमार, डबाबंद करायला उत्तम' असा शेरा मिळतो. तुमच्या अठराव्या दिवसाच्या फोडीनंतर तो मला अपुरा वाटतो.

खटावकर · १५ सप्टेंबर

आमच्याकडे दुष्काळी भाग आहे, पण आमच्या डोंगराजवळच्या मळ्यात रात्री गार असतात. एक काडी मिळेल का? राजस्थान-महाराष्ट्रात लोक हिमाचलचे शेतकरी हरिमन शर्मा यांचं ते कमी थंडीचं सफरचंद लावतायत, तसंच हे लावून बघेन.

जाई_सातारा · १५ सप्टेंबर

नक्की. माळीकाका सांगतील तेव्हा काड्या काढू.

वाईचा_माळी · २२ डिसेंबर

आज पाचगनीला जाऊन आलो. पानं भावानं आधीच उतरवली व्हती. यंदा वाडलेल्या, पेन्सिलीयेवड्या जाडीच्या काड्या घेतल्या, फुलाचा फुगीर डोळा असलेल्या सोडल्या. पंधरा काड्या. वल्या गोनपाटात गुंडाळून, प्लास्टिकात बांदून फ्रिजला ठिवल्यात. कुंडीतल्या कैंथाच्या पिल्लावर एक पाचर कलम जागच्या जागी बांदलं. हिमाचलाकडनं खुंट आले की बाकीची बांदतो. मोडक्या फांदीची जखम तासून गुळगुळीत केलीया. ढोलीत शिमिट भरू नगा, पानी आत अडकून कुजतं. पानी भाईर पडाय वाट ऱ्हाऊ द्या. झाड अजून धा-पंधरा वर्सं हालत न्हाय.

जाई_सातारा · १९ फेब्रुवारी

पंधरापैकी अकरा कलमांचे डोळे फुगले आहेत. कुंडीतल्याला तर तीन पानं आली, मावसभावाने फोटो पाठवला आहे. खटावकर, तुमची दोन बाजूला ठेवली आहेत, मार्चअखेर घेऊन जा, उन्हाच्या आत. शेजारी पराग द्यायला माळीकाकांनी एक पत्थरनाखचं कलमही दिलं आहे. ते शेजारच्या बंगल्याच्या कुंपणालगत, जिथे जुनं झाड होतं त्याच्या जवळात जवळ लावलं.

म्हाताऱ्या झाडाला कालपासून फूल आहे. यंदा पहिल्यांदाच सगळ्या फांद्यांना एकदम. सातेरी दादा, पेटी घेऊन या.

सातेरी · १९ फेब्रुवारी

उद्या पहाटे निघतो.